उकिडव्यांचा सात नंबर

मंडळी, ऐका! आधी जरा पुढे सरका. हां, असं. आणि मागे टेकू नका, भिंतीचा रंग ओला आहे — माझ्या उपरण्याला विचारा! आजी, तुम्ही खुर्ची मागून घेतलीत? उत्तम केलंत. अजिबात लाजू नका. आजचा विषयच तो आहे.

प्रश्न असा, मंडळी. माणसाला आधार लागतो. काठीचा लागतो, चष्म्याचा लागतो, शेजाऱ्याचा लागतो. त्याची लाज वाटावी का? आणि दुसरा प्रश्न, जरा अवघड — आधार मिळाला, आपण ताठ उभे राहिलो, आणि मग आधार होता हेच विसरलो! अशा माणसाला काय म्हणावं?

मला विचारू नका. मला घरी 'भाजी कुठली आणू' एवढंसुद्धा कोणी विचारत नाही! पण एक सांगतो. अडुसष्टावं वर्ष चालू आहे, आणि अजून पेटीच्या पांढरी चारला गातो मी! चढी पट्टी, तरण्याताठ्यांची! तीस वर्षांत खाली उतरलो नाही. विचारा आमच्या पेटीवाल्या दत्तोपंतांना... दत्तोपंत, भात्यात काय शोधताय? वर बघा की! असू दे, माणूस भिडस्त आहे.

तर आख्यान. आज ना रावण, ना कंस. आज गोल्फ! — हसा, हसा. आमच्या हिनेही हेच केलं. म्हणाली, 'देवळात गोल्फ? दक्षिणा मिळायची नाही.' मी म्हटलं, रामकथा सांगूनही कुठे मिळते!

धरणाच्या अलीकडे ते हिरवं मैदान आहे ना, तिथं चालतो हा खेळ. छोटा पांढरा चेंडू, पार लांब एक भोक, आणि मधे सगळं रान. अभ्यास म्हणून मीही गेलो एकदा. धोतर खोचलं, काठी उचलली, गरकन फिरवली — चेंडू जिथल्या तिथं! गवताचं ढेकूळ मात्र असं उडालं, की तिथला पिशवी वाहणारा सोपान म्हणाला, "वा बुवा! आता चेंडू मारा."

या खेळात लोखंडी तोंडाच्या काठ्या असतात. प्रत्येकीवर नंबर. नंबर लहान, तर तोंड उभं, चेंडू लांब जातो. नंबर मोठा, तर तोंड उताणं, चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो. एवढंच लक्षात ठेवा, मलाही एवढंच कळलंय. आणि या लोकांची एक खोड आहे. चेंडू कुठे पडला हे नंतर विचारतात. आधी विचारतात, 'कितीनं मारलास?' मोठ्या नंबरानं जो लांब मारेल, तो बलभीम!

आता आपले नायक. त्र्यंबकराव उकिडवे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता, वय एकाहत्तर. दर शुक्रवारी सकाळी ते आणि त्यांचे दोस्त डॉक्टर देवस्थळी — गुरांचे डॉक्टर बरं का, म्हणूनच उकिडव्यांशी पटायचं! — अशी जोडी खेळायची. सव्वीस वर्षं. डॉक्टरांची बायको वारली, मुलं नाहीत, घरात एकटे. त्यांचा आठवडा शुक्रवारी सुरू व्हायचा आणि शुक्रवारीच संपायचा.

त्या मैदानावर अकराव्या भोकाच्या वाटेत एक तळं आहे. एकशेतीस यार्डांचा मारा. तरुणपणी त्र्यंबकराव सात नंबरनं तळं पार करायचे. हा त्यांचा कुळाचार! पण सत्तरीनंतर खांदा आखडला, काठी हळू फिरायला लागली. चेंडू उडायचा आणि बुडुक! दुसरा — बुडुक! जन्मभर या माणसानं पाणी अडवलं, आता पाणी त्यांना अडवायला लागलं!

सोपान अठ्ठावीस वर्षं त्यांची पिशवी वाहतोय. तोही साठीचा. तो हळूच म्हणायचा, "साहेब, पाच नंबर घ्या ना. आरामात जाईल."

"पाच? या तळ्यावर मी पाच घेऊ? सात दे!"

बुडुक!

शेवटी एका शुक्रवारी एकाच जागी चार चेंडू गेले. त्र्यंबकराव घरी आले, बूट कोपऱ्यात फेकले आणि बायकोला म्हणाले, "संपलं. पुढल्या महिन्यात सभासदत्व सोडतो." रात्री त्र्यंबकरावांनी दोनच पोळ्या खाल्ल्या, हे शैलजाबाईंनी बघितलं. बंगळूरला लेक होती, मुग्धा. तिला कळवलं.

पंधरा दिवसांत लांबलचक खोकं आलं! नव्या कोऱ्या काठ्या. दांडे हलके, तोंडं जाडजूड, खाली वजन. त्र्यंबकराव आधी गुरगुरले, "माझ्या काय वाईट होत्या?" पण नवी वस्तू, मंडळी! लहान मूल आणि म्हातारा, दोघांनाही खोकं उघडल्याशिवाय झोप येत नाही. जुना संच त्यांनी सोपानला देऊन टाकला.

शुक्रवारी अकरावं भोक. "सोपान, सात दे!" नवा सात नंबर फिरला — टक्क! चेंडू तळ्यावरून गेला, पलीकडे हिरवळीवर टप्पा घेतला आणि भोकापासून दहा पावलांवर थांबला!

अहो, काय सांगू! त्र्यंबकराव पंचेचाळीस वर्षांचे झाले! पुढच्या शुक्रवारी पुन्हा पार. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा! चाल बदलली, टोपी तिरकी झाली, केसांना कलप लागला. घरी येणाऱ्या जाणाऱ्याला उपदेश सुरू. "वय इथं असतं, इथं!" — असं म्हणून डोक्यावर बोट ठेवायचे. कुरियरवाल्यालासुद्धा सोडलं नाही हो!

इथवर ठीक होतं. म्हातारा खूश, कोणाचं काय जातंय? पण मंडळी, चढलेला माणूस नुसता चढून बसत नाही. त्याला खाली बघून कोणाला तरी हाक मारायची असते.

एका शुक्रवारी डॉक्टरांनी तळ्यापाशी लाकडी काठी घेतली. तिला ताकद कमी लागते. शांतपणे मारली, चेंडू पलीकडे. खेळ झाला, क्लबच्या ओट्यावर चहा आणि कांदाभजी आली, आठदहा जण बसलेले. आणि आमचे त्र्यंबकराव भजं हलवत मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर, ते फळकुट आता पुरे! थकलास तू. मान्य कर आणि कॅरम खेळायला लाग!"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. कप अर्धा ठेवला, टोपी उचलली आणि गेले.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाले, "गुडघा दुखतोय." तिसऱ्या शुक्रवारी त्र्यंबकराव एकटेच अकराव्या भोकाशी आले. चेंडू पार गेला. 'कितीनं मारलास' विचारायला कोणी नाही! मग सोपानलाच म्हणाले, "बघितलीस ना ताकद?"

सोपान काठी पुसत राहिला.

"अरे बोल की! दातखीळ बसली का?"

"साहेब, रागावणार नसाल तर बोलतो."

त्यांचा तो जुना संच सोपान दुसऱ्या गिऱ्हाइकांना भाड्यानं द्यायचा; आज गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती पिशवीही त्याच्या खांद्यावर होती. त्यातला जुना पाच नंबर त्यानं काढला. तो जुना पाच आणि हा नवा सात शेजारी शेजारी गवतावर टेकवले. "डोळ्यानं बघा साहेब. तोंडं सारखीच उभी आहेत. हळू फिरणाऱ्या हातांसाठी बनवतात ह्या. नंबर सात लिहितात, काम पाचाचं करतात. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. पण तुम्ही इतके हसत होता..."

त्र्यंबकराव दोन्ही काठ्या घेऊन घरी आले. अभियंता तो! कोन मोजायचं जुनं यंत्र माळ्यावरून काढलं. जुना पाच — अठ्ठावीस अंश. नवा सात — अठ्ठावीस अंश! पुन्हा मोजलं. यंत्र पुसून मोजलं. अठ्ठावीस!

"शैलजा, मला फसवलं गं! सातावर पाच विकला मला!"

शैलजाबाई वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "अहो, तुमच्या पँटी अजून चौतीसच्याच आहेत ना?"

"आहेतच!"

"दर दिवाळीला शिंप्याकडून दोन बोटं उसवून आणते मी. तेव्हा नाही आलं यंत्र ते!"

हसू नका, मंडळी. तुमच्याही पँटी मी बघतोय इथून!

त्र्यंबकराव खाली बसले. आणि मग फसवणुकीचा राग ओसरला, आणि ते कांदाभजीचं वाक्य आठवलं. स्वतःचंच. दोन्ही काठ्या काखोटीला मारल्या आणि तडक डॉक्टरांच्या घरी.

डॉक्टर ओट्यावर एकटेच, समोर कालचंच वर्तमानपत्र. त्र्यंबकरावांनी काठ्या त्यांच्या पायाशी ठेवल्या. "डॉक्टर, माझा सात हा पाच आहे. मी मोजलाय. मी काही तरुण झालेलो नाही. आणि तुला चारचौघांत म्हातारा म्हटलं."

डॉक्टर म्हणाले, "ठाऊक आहे."

"सोपाननं सांगितलं?"

"मुग्धानं मला फोन केला होता. 'काका, बाबा खेळ सोडतायत.' कुठल्या काठ्या घे, ते मीच सांगितलं तिला. वर म्हटलं, माझं नाव काढू नकोस. त्याला कळलं तर हात लावणार नाही तो."

मंडळी! ज्याच्या काठीनं उभे राहिले, त्याच्याच पाठीत तीच काठी घातली होती हो!

त्र्यंबकराव डॉक्टरांच्या शेजारी ओट्यावर टेकले. कसेबसे म्हणाले, "मग त्या दिवशी तिथल्या तिथे तोंडावर का नाही मारलंस माझ्या?"

"मारलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू जुना सात घेऊन तळ्यावर उभा असतास. आणि चार चेंडूंनंतर खेळ सोडला असतास."

"मग यायचं का बंद केलंस रे?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "लागलं मला. म्हातारा म्हणालास त्याचं नाही, मी आहेच. पण 'कॅरम खेळ' म्हणालास. म्हणजे तुला माझ्याशिवाय चालेल, असं झालं ना ते? उकिडव्या, मला शुक्रवारशिवाय आहे काय?"

दोन म्हातारे ओट्यावर बसून रडले. मी हे रंगवून सांगत नाही. त्र्यंबकरावांनीच मला सांगितलं, आणि म्हणाले, 'बुवा, नाव घालून सांगा.'

पुढचा शुक्रवार. अकरावं भोक. क्लबच्या ओट्यावरचे ते आठदहा जण मुद्दाम बोलावलेले. त्र्यंबकराव सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "सोपान, माझा पाच दे! डॉक्टरनं दिलेला!" सोपाननं सात लिहिलेली काठी दिली. त्र्यंबकरावांनी मान डोलावली, काठी फिरवली —

बुडुक!

सोपान गंभीरपणे म्हणाला, "साहेब, आता तीन देऊ?" आणि डॉक्टर असे हसले, असे हसले, की गवतावर बसायला लागलं त्यांना. त्र्यंबकरावही शेजारी बसले. पलीकडे गेलेल्या एकाही चेंडूनं इतका आनंद दिला नव्हता, असं ते सांगतात.

झालं आख्यान. आता तुम्ही म्हणाल, बुवांनी उकिडव्यांची छान फजिती सांगितली. थांबा! फजिती अजून बाकी आहे.

हे आख्यान बसवताना परवा दुपारी मी घरी एकटाच पेटी घेऊन बसलो. माझ्या नेहमीच्या आवाजात दोन ओळी म्हटल्या आणि पट्टी शोधली. पांढरी चार लावली — जुळेना! खाली आलो. आणखी खाली आलो, तेव्हा कुठे जुळली. काळी एक! म्हटलं, पेटी बिघडली. शेजारची पेटी आणली. काळी एक!

मंडळी, किती वर्षं झाली असतील, देव जाणे. हे दत्तोपंत मला काळी एक देतात, आणि मी विचारलं की म्हणतात, 'हो बुवा, पांढरी चारच.' आणि हा तबलजी नारायण! मी त्याला हसायचो, 'अरे, तबल्याचं तोंड केवढं मोठं घेतलंस!' माझा आवाज उतरला म्हणून घेतला होता बिचाऱ्यानं! आणि गेल्या उत्सवात याच सभामंडपात, याच माइकवरून, मी काय म्हणालो? 'दत्तोपंतांची बोटं आता थकली हो!' तुम्ही हसला होतात. दत्तोपंतही हसले होते.

आधाराची लाज नको, मंडळी. खुर्ची मागा, काठी घ्या, पट्टी उतरवा. लाज वाटायची तर आपण आधाराला काय बोललो, त्याची वाटू दे. आज घरी गेल्यावर आठवा, तुमच्या चौतीसच्या पँटी कोण उसवून आणतं, आणि त्या माणसाला शेवटचं वाकडं काय बोललात. जेवायच्या आधी आठवा. जेवल्यावर माणूस विसरतो.

दत्तोपंत, माझं चुकलं. माइकवरूनच बोललो होतो, म्हणून माइकवरूनच सांगतो. द्या आता सूर... नाही, नाही, मोठ्यानं सांगा मंडळींना कुठला तो!

ऐकलंत? काळी एक! चला, म्हणा सगळे माझ्याबरोबर, आणि मी खाली उतरलो तर सांभाळून घ्या.