लाल टायवाल्याचा सल्ला

दातांच्या दवाखान्यात ती गालावर हात धरून बसली होती. शेजारी दोन बहिणी कुजबुजत होत्या.

“मला म्हणाला, शेअरच्या फंडातले पैसे रोख्यांच्या फंडात टाका. बाजार पडणार आहे,” थोरली सांगत होती.

“कधी म्हणाला?”

“मंगळवारी.”

“ताई, मंगळवारीच मला उलटं म्हणाला! रोख्यांत पैसे नुसते पडून राहतात, शेअरमध्ये टाका. बाजार चढणार आहे.”

“तोच ना? भर उन्हात लाल टाय लावून येतो तो?”

“तोच.”

तिचा हात गालावरून खाली आला. सकाळीच तिने नवऱ्याच्या लाल टायची गाठ बसवून दिली होती.

“तुझी गरज वेगळी असेल गं.”

“गरज विचारली कुणी? पैसे इकडून तिकडे हलले की याचं कमिशन सुटतं.”

“आणि मी सही करून बसले!”

“मी उद्या करणार होते.”

थोरली तिच्याकडे वळली. “तुमचे पैसे कोण बघतं हो?”

“घरचंच माणूस आहे.”

“मग तुम्हाला कसला घोर!”

ती धाकटीकडे वळून हळूच म्हणाली, “तुम्ही उद्या सही करू नका.”