संक्रांतीचं काळं लुगडं

सन अडतीस. तिवशाच्या मोटारस्टँडवर वांग्यांच्या टोपल्यांआड माणिकबाई आणि तानुबाई बोलत होत्या.

"तानुबाई, काल मंत्र्याले ओवाळता ओवाळता ताट टाकून काहून पळाली वं?"

"समोरून आमचे मालक मोर्चा घेऊन आले ना! मंत्र्याले काळं निशाण दाखवाले माह्यं संक्रांतीचं लुगडं काठीले बांधलं."

"मंग?"

"मंग काय, वढून घेतलं. मंत्र्याले वाटलं, म्या त्याच्यासाठीच निशाण उतरवलं. खूश होऊन हार देला."

"अन् मालक?"

"मंत्री आज याच रस्त्यानं नागपूरले वापस चालले, म्हणून पुन्हा निशाण दाखवाले सकाळपासून पेटीत लुगडं धुंडून राहिले."

"भेटलं?"

"कुठून भेटीन? मीच नेसून आली."

"अवं बाई! काळं पाहून पोलीस तुलेच धरून नेतीन ना!"

"नेऊ दे. लुगडं तं अंगावर राहीन."