मामांनी नाचवलेला वेताळ

मंडळी, एवढ्या उन्हात तुम्ही मामांसाठी आलात. बसायला धड सावलीही नाही. मला सभेत बोलायची सवय नाही, प्रदर्शनात गिऱ्हाइकाशी बोलते तेवढंच. पण आत्या म्हणाल्या, "तू बोल. तू बघितलंयस." म्हणून उभी राहिले.

मी मामांची आणि आत्यांची थोरली सून. आमचं घर मुखवट्यांवर चालतं. कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ घेऊन मामा बोहाड्याच्या जत्रेत नाचणाऱ्या सोंगांचे मुखवटे घडवायचे. मी ते नगरला, नाशकाला नेऊन विकायचे. नाचायच्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी भोकं. भिंतीवर टांगायचा असला, तर डोळे मिटलेले. मामा म्हणायचे, "भोकं ठिवली की आत मानूस लागतो. मानूस न्हाई दिला, तर दुसरं कुनीतरी येतं."

धरणाजवळच्या एका रिसॉर्टवाल्यांना भिंतीसाठी वेताळ हवा होता. डोळे उघडे, मागे बल्ब. मामा नाही म्हणाले. पण त्या वर्षी काहीच खपत नव्हतं. घर चालवायचं होतं. शेवटी केला. रंगवताना त्याच्याकडे एकदाही समोरून बघितलं नाही.

संक्रांतीनंतर तिथे स्वयंपाक करणाऱ्या आपल्या हिराबाई आल्या. म्हणाल्या, "मामा, त्यो मुखवटा आतून वला ऱ्हातोय."

मी म्हटलं, "भिंतीला ओल असंल."

"शेजारचे समदे कोरडे हायेत. ह्योच तेवढा, नाकातोंडापाशी. नाचून उतरवल्यावानी."

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा एसटीनं गेलो. मामांनी मुखवटा उतरवला, आत हात घातला. मग माझा हात धरून आत ठेवला. ओलं होतं. आणि कोमट होतं, मंडळी.

मामा मालकांना म्हणाले, "दुसरा देतो. ह्यो नेतो." मालकांनी स्वतःच पिशवी आणून दिली.

मामा उभ्या आयुष्यात नाचले नव्हते. गुडघा अधू. पण त्या दुपारी अंगणात त्यांनी वेताळ तोंडाला बांधला. संबळ नाही, सनई नाही. आत्यांनी ताट वाजवलं. मामा नाचले. त्या अधू गुडघ्यावर नाचले. मी जवळ उभी होते. आत दोघांचा श्वास ऐकू येत होता. मग हळूहळू एकाचाच राहिला.

मुखवटा उतरवून मामा म्हणाले, "त्याला नाचायचं हुतं. ताटकळला हुता बिचारा." भोकं बुजवली, आणि पुन्हा लगदा मळायला बसले. रिसॉर्टला मिटल्या डोळ्यांचा दिला.

गेल्या आठवड्यात खळ शिजत असताना मामा भिंतीला टेकले, ते टेकलेच. आंघोळ घालताना आपण सगळे होतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि तोंडावर एक सुरकुती नव्हती. सगळ्यांनी बघितलं. आत्या म्हणाल्या, "हे तोंड मी वळखते. लग्नात अंतरपाट खाली आला, तवा हेच हुतं." आणि हसल्या. तेव्हापासून रडल्या नाहीत.

आत्ता त्या मामांच्या कामाच्या खोलीत बसल्यात. ऐकू येतंय ना? हळू बोलताहेत. मधे थांबताहेत, ऐकून घेतल्यासारख्या. मी मघाशी डोकावून आले. खोलीत दुसरं कुणी नाही.

उठा मंडळी, उभं राहू. थोडा वेळ आपण कुणी काही बोलायला नको. त्यांना बोलू द्या.