एका दिवसाची राखण

आदरणीय अध्यक्ष रायगोंडा अण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, मत्स्य विभागातून निवृत्त झालेले आजचे सत्कारमूर्ती नाथाजी पुकळे, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री रंगुबाई आणि वडूजकर बंधुभगिनींनो,

आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. व्यासपीठावर पाच नारळ वाटले गेले. चारांना शेंडी आहे, माझा बोडका आहे. संयोजकांनी वक्त्याची लायकी ओळखली म्हणून मी गप्प बसणार होतो. पण ती किती अचूक ओळखली, तेच आज सांगायचं आहे.

नाथाजी मेंढपाळाच्या घरातले. जिथं हापशाला निम्मं वर्ष नुसती हवा येते, तिथला माणूस समुद्र सांभाळायला गेला! कोकणातल्या एका गावापुढचा, माशांची पैदास होणारा खडकाळ पट्टा त्यांनी मासेमारीला बंद केला. पाण्याला कुंपण घालणार कसं? मी तर 'लाटांचा वॉचमन' असा लेखच लिहिला. आपण सगळे पोट धरून हसलात.

रंगुबाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आवं, कुरण राखायचं म्हंजी पुरतं राखायचं. कुणाचंच शेरडू आत न्हाई. आन् लय वरसं राखावं लागतंय. चार दिसांत गवताला बी धरतंय व्हय?" पट्टा मोठा हवा, पुरता बंद हवा, राखणारे गावचेच हवेत आणि धीर हवा, असं तज्ज्ञांचे जाडजूड अहवालही सांगतात. रंगुबाईंनी ते वाचलेले नाहीत. गरज नव्हती.

आईचा दंडही नाथाजींनी तिकडे नेला. राखीव कुरणात ज्याचं जनावर सापडेल, त्यानं एक दिवस राखण करायची. कोळ्यांना तो पटला. सात वर्षं आत जाळं पडलं नाही. तांबोशी मासळी हातभर झाली, आणि पट्ट्याबाहेर टाकलेली जाळीही जड येऊ लागली.

आठव्या वर्षी साताऱ्याहून आम्ही काही साहित्यप्रेमी तिथं गेलो. नाथाजी नेमके जत्रेला इकडे आलेले. राखणीला साईराज नावाचा कोळी होता.

"गड्या, पाव्हणं उपाशी धाडतोस व्हय? एकच जाळं टाक की!" मी म्हणालो.

"सायबांना काय सांगू?"

"सांग, त्यांच्याच गावाकडचं पाव्हणं आलतं."

पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं. त्यानं जाळं टाकलं. तांबोशीच्या पोटात अंडी होती. मी दोन तुकडे जास्त घेतले.

दुसऱ्या दिवशी गाव म्हणालं, "पाहुण्यांना चालतं, मग आम्हाला का नाही?" आठवड्यात चाळीस होड्या आत. महिन्यात सात वर्षं संपली. नाथाजींना मेमो मिळाला. साईराजनं माझं नाव घेतलं नाही. आणि मी? मी दुसरा लेख लिहिला: 'वॉचमन झोपला'.

मागून कोण म्हणालं, 'बसा आता'? बसतो नानासो, एवढं होऊ द्या.

नाथाजी, ते पाहुणे आम्ही होतो.

मंडळी, नाथाजींनी घरोघर फिरून पट्टा पुन्हा बंद केला. बढती सोडून तिथंच राहिले. परवा मासळीचं विचारलं, तर म्हणाले, "आत्ता कुठं पहिल्या जागेवर आलोय."

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि त्या बोडक्या नारळाचेही आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. लेख मात्र घालू नका.

आणि नाथाजी, ही शिटी घ्या. राखणदारांची आहे, साईराजकडून मागून घेतली होती. गेल्या मंगळवारी माझा एक दिवस भरला. दिवसभरात एकदाच वाजवावी लागली.

होडीत पाहुणे होते.