पोतंभर मोटार

डोळ्यांत औषध घातल्यावर तासभर ते मिटून बसायचं होतं, म्हणून सोलापुरातल्या त्या दवाखान्याच्या बाकावर दाक्षायणीबाईंना नुसते कानच उरले होते. शेजारी दोन पुरुष बोलत होते.

"धोंडीराम मिस्त्री, तुमी हितं व्हय! आमच्या आजोबांची मोटार कधी उभी ऱ्हाणार? सव्वीस जानेवारीला जुन्या गाड्यांची मिरवणूक हाय की!"

"डोळ्याचं झालं की लागतोच, मालक. पत्र्याच्या आतला लाकडी सांगाडा समदा वाळवीनं खाल्लाय. नवं सागवान आणलंय. तुमच्या शेडात ठेवलेले जुने तुकडे तेवढे द्या."

"कुठले तुकडे?"

"पोतंभर ठेवलेत न्हवं का? खडूनं नंबर घालून?"

"ते भुसकट व्हय? ते बंबात घातलं की."

"बंबात?"

"दोन दिवस पुरलं. पाणी लई झकास तापलं."

"अवो मालक, ते तुकडे वर ठेवूनच नवं लाकूड कापायचं असतंय! दाराचा बाक, टपाची कमान, समदं माप त्यातच हुतं!"

"मग फोटोवरनं करा. आजोबा मोटारीला टेकून उभे हायेत."

"फोटोत आजोबांचं धोतर दिसतंय. दार त्येच्यामागं हाय."

"तुमी कारागीर न्हवं का? अंदाजानं बसवा!"

"अंदाजानं बसवलेलं दार भर चौकात गळून पडंल."

"आन् मी लोकांस्नी काय सांगू? पत्रिकेत माझं नाव छापलंय!"

"सांगा की, मोटारीवर पाणी तापवलं, आंघोळ करून चालत आलोय."