दिलेली बाबागाडी

(बुसानमधला मणक्याचा दवाखाना. नामहे बेटावर लसूण पिकवणाऱ्या मालसूनबाई, वय शहात्तर. शहरात राहणारी लेक ह्येरान. समोर डॉक्टर बेक. दाराशी जुनी बाबागाडी.)

डॉक्टर : ...तर मणक्यातली नळी आवळलीय, आतल्या नसा चेंगरतायत. वाट मोकळी करायची. एका भोकातून, नाहीतर दोन भोकांतून.

मालसून : मला काय शर्टाचं बटण समजलात?

ह्येरान : आई, ऐक जरा. फरक काय, डॉक्टर?

डॉक्टर : एका भोकात दुर्बीण आणि हत्यार एकाच नळीतून जातं. कमरेपुरती भूल पुरते. दोन भोकांत हात मोकळा चालतो, दोन्ही बाजूंचं नीट खरवडता येतं. पण त्याला इथं पूर्ण भूल देतो, आणि आजींचं हृदय अशक्त आहे.

मालसून : ते असू दे. हे पाऊल कशानं उचलेल? मला वाफ्यात बसायचंय.

डॉक्टर : कधीपासून लोंबतंय?

मालसून : गेल्या लसूण काढणीपासून.

ह्येरान : दहा महिने? दर रविवारी फोनवर ‘झकास चालतेय’ म्हणायचीस.

मालसून : खोटं नाही बोलले. गाडी ढकलत वाकून चाललं की कळ येतच नाही. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या तशाच चालतात.

डॉक्टर : वाकलं की नळी थोडी उघडते. म्हणून दुखणं झाकून राहिलं.

ह्येरान : गाडी मीच दिली होती. मुलगा मोठा झाला, फेकायची कशाला, म्हटलं. त्यापेक्षा इथे आणलं असतं तर...

मालसून : रजा कुठून काढली असतीस?

डॉक्टर : खरं सांगतो. एक भोक पाडा की दोन, कळ बहुतेक जाईल. पाऊल परत उचलेलसं वाटत नाही. नस फार दिवस दबली.

मालसून : बैल गेला नि झोपा केला.

ह्येरान : माझ्यामुळे, आई.

मालसून : तुझ्यामुळे कसलं? अंगावर मी काढलं. डॉक्टर, एकच भोक पाडा. जागी राहीन म्हणते.

डॉक्टर : मीही तेच सुचवणार होतो.

ह्येरान : आता माझ्याकडेच राहायचं. वाफे कुणाला तरी कसायला देऊ.

मालसून : ...लसणाच्या जुड्या वाळत टांगताना पाल्याची गाठ सैल बांधू नका म्हणावं. सुटून खाली पडला की लसूण कुजतो.

ह्येरान : सांगेन. आणि ती गाडी टाकून देऊ. मला बघवत नाही.

मालसून : टाकू नकोस गं. तुझ्या घरीही मला संडासापर्यंत जावं लागेलच ना.