बाहेरून लावलेली कडी

खामगावच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होत्या. एक तिशीतली फिलोमिना, दुसरी तिच्या माहेरची म्हातारी शेजारीण.

"फिलू, कोर्टानं फारकत देल्ली ना तुले? मंग चर्चमधी माही साक्ष काऊन?"

"कोर्टानं लग्न मोडलं, मावशी. चर्च पाह्यते, ते खरं लागलं होतं का नाही. नसन लागलं, तं मले दुसरं करता येते."

"मंग सांगतो, तो तुले मारे म्हून."

"कधीच नाही मारलं त्यानं. खोटं नको बोलू. ते लग्नाच्या आधीचं विचारतात."

"आधीचं मले काय माहीत? मी तं हळद लावाले आलो होतो."

"तेच सांग. माह्या खोलीत कशी आली तू?"

"हातात हळदीची वाटी, अन् कडी बाहेरून. कशीबशी काढली. वाटलं, हळदीच्या नवरीले बाहेर जाऊ देत नाहीत, म्हून लावली असन."

"हळदीच्या आधीपासूनच होती ते कडी, मावशी."

"अवं माय! बापानं कोंडलं होतं?"

"मी हो म्हणेपर्यंत. असं जबरीचं हो चर्च धरत नाही."

"म्हून रडे तू... सांगतो वं. कडीसकट सांगतो. अन् हा डॅनियल? चर्चचा निकाल लांबला तं थांबन का?"

"म्हणे, लागू दे कितीबी वेळ."

"मंग हळदीले मलेच बोलावजो."

"तुह्याशिवाय कोणाले?"

"फक्त दार उघडं ठेवजो यावेळी. माह्या हातात वाटी राह्यते."